इटालियनमधलं 'फारे' आणि आपलं 'करणे'

ओसरी
मंडळी, सप्टेंबरपासून आम्ही बोलोन्यात आहोत. लेक सव्वादोन वर्षांची, ती इथल्या पाळणाघरात जाते. पाळणाघरात सांभाळणाऱ्या बाईंना बोलोन्यात 'दादा' म्हणतात. त्यामुळे पुण्यातल्या आजीला पहिला महिनाभर वाटत होतं की कुणी मोठा मुलगाच आमच्या पोरीला सांभाळतोय.

संध्याकाळी दादा एक वही हातात देते. दिवसभरात काय काय झालं ते त्यात चार ओळींत लिहिलेलं असतं. मागच्या मंगळवारचं पान जसंच्या तसं देते, उच्चार देवनागरीत:

आ फात्तो मेरेंदा. मधल्या वेळचं खाल्लं.
आ फात्तो ला काक्का. शी केली.
आ फात्तो ई काप्रीच्ची. हट्ट केला.
आ फात्तो ला नान्ना. गाई केली.

चार ओळी, चारही वेळा एकच क्रियापद: फारे. 'फात्तो' हे त्याचं भूतकाळी रूप. मी आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गाला जाते. तिथल्या पुस्तकात फारेचे दोनच अर्थ दिलेत, इंग्रजी 'डू' आणि 'मेक'. त्याखाली पानभर वाक्प्रचार आणि वर सूचना, की हे पाठ करा. वर्गात मी सोडून बहुतेक जण इंग्रजीतून शिकणारे, ते बिचारे प्रत्येक ओळीला अडखळतात. पण वही वाचताना मला अडखळायला होत नाही. शी करणे, शू करणे, हट्ट करणे, गाई करणे. एक मेरेंदा सोडलं तर दादाची सगळी वही मराठीतच लिहिल्यासारखी आहे!

तर प्रश्न असा: फारेचे एकूण अर्थ तरी किती? आणि ते इंग्रजीच्या दारातून न जाता थेट मराठीतून शिकता येतील का? इटलीत राहिलेल्यांनी, इटालियन शिकलेल्यांनी कृपया लिहा.

तोरिनोची_ट्राम
धाग्याबद्दल धन्यवाद. मी २०१६ ते २०१९ तोरिनोत शिकायला होते. आधी रूपं देऊन ठेवते, पुढे वाचणाऱ्यांना उपयोगी पडतील: ईयो फाच्चो (मी करतो/करते), तू फाई, लुई किंवा लेई फा, नोई फाच्चामो, वोई फाते, लोरो फान्नो.

जोडाक्षरं नीट दाबून म्हणा. 'फात्तो' म्हणजे केलं, आणि एका त-चं 'फातो' म्हणजे नशीब. 'पता' आणि 'पत्ता' यांत फरक करणाऱ्या आपल्या जिभेला हे जड जात नाही. माझ्या वर्गातल्या इंग्लिश मुलीला वर्षभर जमलं नव्हतं.

आता अर्थ. माझी सगळ्यात लाडकी जोडी: फार्सी ला बार्बा = दाढी करणे. इंग्रजीत त्यासाठी वेगळं क्रियापद लागतं. इटालियन आणि मराठी माणूस दोघेही दाढी 'करतात'.

चहाटळ
पण कटिंग तर आपण 'मारतो'. चहाचं.

गोदाकाठ
ओसरी, मस्त विषय. पण मी थोडा विरोधी सूर लावणार आहे.

'फारे म्हणजे करणे' एवढं सूत्र धरलंत तर पहिले पंधरा दिवस छान जातील आणि मग ठेच लागेल. दोन्ही बाजूंनी. इटालियनमध्ये फारे आहे पण मराठीत करणे नाही, अशी बघा: फारे ऊना फोतो म्हणजे फोटो काढणे. फारे ऊना दोमांदा म्हणजे प्रश्न विचारणे. फारे बेंझीना म्हणजे पेट्रोल भरणे. फारे इल बिल्येत्तो म्हणजे तिकीट काढणे. फारे ला फीला म्हणजे रांगेत उभं राहणे. फारे ला वालीजा म्हणजे बॅग भरणे.

उलट बाजूनं जास्त धोका. मराठीत आपण अभ्यास करतो, काम करतो, मदत करतो, विचार करतो, लग्न करतो. इटालियनमध्ये या प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद आहे: स्तुद्यारे, लावोरारे, आयुतारे, पेन्सारे, स्पोझार्सी. इथं फारे घातलंत तर ऐकणाऱ्याला कळतच नाही. आणि 'मी माझ्या आईवर प्रेम करते' याचं शब्दशः भाषांतर करून 'फारे लामोरे' तर चुकूनही म्हणू नका. त्याचा अर्थ फक्त नवराबायकोपुरता आहे.

आईला, भावंडांना, मैत्रिणीला 'ती वोल्यो बेने' म्हणतात. शब्दशः 'तुझं भलं इच्छिते'.

ओसरी
गोदाकाठ, हे बरं झालं लिहिलंत. 'ती वोल्यो बेने' दादाच्या तोंडून रोज ऐकते. मला वाटायचं, 'तू छान मुलगी आहेस' असं काहीतरी असेल.

शब्दखोर
मुळाशी जाऊ या का जरा?

फारे हे लॅटिन 'फाकेरे'वरून आलं. फाकेरेचं मूळ ज्या आदिम धातूत आहे त्याच धातूतून संस्कृतचा 'धा' आला, म्हणजे ठेवणे, मांडणे. शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या 'ध्'चा लॅटिनमध्ये 'फ्' होतो. पटत नसेल तर धूर घ्या: संस्कृत धूम, लॅटिन फूमुस, इटालियन फूमो. त्याच न्यायानं धा आणि फा. विधी, निधी, विधान, समाधान, हित हे सगळे शब्द 'धा'चे, म्हणजे फारेच्या चुलत घराण्यातले.

याहून सुंदर उदाहरण 'श्रद्धा'. श्रत् अधिक धा, म्हणजे हृदय ठेवणे. लॅटिनमध्ये हीच जोडी 'क्रेदो' झाली आणि इटालियनमध्ये 'क्रेदेरे', विश्वास ठेवणे. आपण आजही विश्वास 'ठेवतो', श्रद्धा 'ठेवतो'. धातू हरवला पण त्याचा अर्थ मराठीनं सोडला नाही.

थोडक्यात, आपलं 'करणे' कृ धातूचं. फारेशी त्याचं रक्ताचं नातं नाही. कामं मात्र दोघांनी सारखीच उचलली आहेत.

तोरिनोची_ट्राम
शब्दखोर, दंडवत! 'श्रद्धा'चं माहीत नव्हतं.

त्यात माझी एक भर. 'फाच्चेंदा' म्हणजे काम, भानगड, आणि अनेकवचनात घरकाम. हा शब्द लॅटिन 'फाकिएंदा'वरून आला: करायच्या गोष्टी. आपल्या 'कर्तव्य' आणि 'कार्य'सारखी घडण. आणि धंद्याला, सौद्याला 'आफ्फारे' म्हणतात, त्यातही फारेच.

पाणवठा
मी भाषेतली तज्ज्ञ नाही. बेर्गामोजवळ नऊ वर्षं राहते, कानावर पडलं तेवढं लिहिते.

दुकानात "क्वांतो फा?" म्हणजे "किती झाले?" "फा दोदिची एउरो", "बारा युरो झाले." पोरांना "नोन सी फा!" म्हणजे "असं करायचं नसतं!" हे 'सी' आलं की कर्ता नाहीसा होतो. आपण पोरांना "असं करतात का?" म्हणतो तेव्हा ते कोण करतात? कुणीच नाही. तस्संच.

कुणी सॉरी म्हणालं तर "नोन फा न्येंते", असू दे, काही नाही. तू काय ते ठरव, "फाई तू". माझ्यावर सोड, "लाश्या फारे आ मे". आठ वाजता भेटायचं का, "फाच्चामो आल्ले ओत्तो?" मांजर म्याव करतं, "इल गात्तो फा म्याओ". डोकं दुखतंय, "मी फा माले ला तेस्ता". किळस येते, "मी फा स्कीफो".

आणि हवा. फा काल्दो, फा फ्रेद्दो. गरम होतंय, थंडी आहे. पण स्वतःला थंडी वाजत असेल तर फारे नाही, 'ओ फ्रेद्दो', माझ्याकडे थंडी आहे.

चहाटळ
आपल्याकडे थंडी 'वाजते' हे त्यांना कुणी सांगितलंय का?

पाणवठा
सांगितलंय. शेजारच्या आजी म्हणाल्या, कोणतं वाद्य?

माणदेशी
वाचतोय. छान चाललाय धागा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कौलारू
माझा नवरा इटालियन आहे, फेर्राराचा. आता उलट बाजू सांगते. त्याला मराठी शिकवताना 'करणे'नं कधीच त्रास दिला नाही. त्रास दिला तो 'मारणे'नं.

लग्नानंतर पहिल्यांदा चिपळूणला गेलो. माझे काका बोलत होते आणि हा कान देऊन ऐकत होता. काका म्हणाले, "सकाळी बाजारात चक्कर मारली, गण्यानं हाक मारली, मग तिथंच गप्पा मारल्या, येताना बँकेत सही मारली, घरी येऊन डुलकी मारली." यानं तेव्हा 'मारणे' हा एकच शब्द नुकता शिकलेला, आमच्या माळ्यावरच्या उंदरामुळे. माझ्या कानाशी येऊन हळूच विचारतो, "तुझे काका तसे प्रेमळ दिसतात, मग सकाळपासून इतक्या जणांना का मारलं?"

रात्री वही घेऊन बसलो आम्ही. चक्कर मारणे = फारे उन जीरो. गप्पा मारणे = फारे दूए क्याक्येरे, शब्दशः दोन गप्पा करणे. उडी मारणे = फारे उन साल्तो. डुलकी मारणे = फारे उन पिझोलीनो. एकेक लिहिताना त्याचा चेहरा उजळत गेला. आता तोच सगळ्यांना सांगतो, मराठीत फारेचे दोन तुकडे झालेत, हाताला लागतं ते 'करणे' आणि झटक्यात होतं ते 'मारणे'. अगदीच चूक नाही ना?

शब्दखोर
कौलारू, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. झटक्याचा मुद्दा बरोबर आहे. 'सही करणे' आणि 'सही मारणे' यांत नेमका तोच फरक. वाचून केली ती केली, न वाचता केली ती मारली.

गोदाकाठ
म्हणजे माझा मुद्दा सिद्धच झाला की! फारेला मराठीत एक प्रतिशब्द नाही. करणे, मारणे, काढणे, भरणे, होणे, देणे, सगळे लागतात. मग ते वाक्प्रचार पाठ करण्यात आणि यात फरक काय?

ओसरी
फरक आहे हो. इंग्रजीतून पाठ करते तेव्हा वाक्प्रचार सुटा राहतो. 'डुलकी मारणे' शेजारी लिहिलं की तो लगेच घरातला होतो.

तोरिनोची_ट्राम
गोदाकाठ, मला वाटतं फारेच्या याद्यांपेक्षा त्याचं व्याकरण आपल्याला जास्त जवळचं आहे आणि त्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. पुस्तकात हा धडा फार उशिरा येतो. तोवर मंडळी कंटाळून गेलेली असतात.

फारेच्या पुढे दुसरं मूळ क्रियापद आलं की मराठीतलं प्रयोजक तयार होतं. आपल्या शाळेच्या व्याकरणातलं, हसणे-हसवणे. बघा:

फार रीदेरे, हसवणे. फार प्यांजेरे, रडवणे. फार दोर्मीरे, निजवणे. फार सापेरे, कळवणे. फार वेदेरे, दाखवणे. फार मांजारे, भरवणे. फार कादेरे, पाडणे.

आपण क्रियापदाच्या पोटात 'व' घालतो, ते पुढे 'फार' लावतात. 'पाडणे'मध्ये आपला तो 'व' दिसत नाही आणि 'दाखवणे'मध्ये 'व' असला तरी मूळ रूप बदलतं, तरी नातं तेच आहे: दिसणे-दाखवणे, पडणे-पाडणे. "फाम्मी सापेरे" म्हणजे "मला कळव". "फाम्मी वेदेरे" म्हणजे "बघू दे मला", इथं तर आपल्या 'दे'ची जागा 'फा'नं घेतलीय.

पुढची पायरी: दुसऱ्याकडून करून घेणे. "ओ फात्तो रिपारारे ला बीची", मी सायकल दुरुस्त करून घेतली. मी केली नाही, करून घेतली! इंग्रजीत हे वाक्य जुळवताना शब्दांचा क्रम उलटापालटा करावा लागतो. मराठी माणसाला फक्त 'करून घेणे' आठवायचं. केस कापून घेतले, "मी सोनो फात्ता ताल्यारे ई कापेल्ली". तुम्ही हा धडा आधी वाचा, मग याद्या.

गोदाकाठ
हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. माझा विरोध मागे. मी हा धडा फ्लोरेन्सला इंग्रजीतून शिकलो आणि चार आठवडे घातले. कुणीतरी 'कळणे-कळवणे' म्हटलं असतं तर चार तासांत झालं असतं.

ओसरी
ट्रामताई, ही यादी मी छापून फ्रिजवर लावली! आजच दादाला विचारलं, "तिला तू फार मांजारे का?" म्हणजे तू भरवतेस का. ती म्हणाली, नाही, स्वतःच्या हातानं खाते. घरी मात्र मलाच भरवावं लागतं.

सांजवात
माझंही थोडं. मी मिलानला आहे, रुग्णालयात काम करते.

फारेचं सगळ्यात मोठं रूप मला 'फार्चेला' वाटतं. चे ला फाच्चो. यात 'चे' आणि 'ला' यांचा सुटा अर्थ शोधू नका, सापडत नाही. पण एकत्र म्हणजे आपलं 'जमणे'. "चे ला फाई?" जमेल का तुला? "चे ला फाच्चो." जमतंय. "नोन चे ला फाच्चो प्यू." आता नाही होत माझ्यानं.

हे शेवटचं वाक्य मी रुग्णांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं कोणतंच नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात एका आजोबांना भिंतीला धरून चालवायचं होतं. दोन पावलं झाल्यावर ते थांबले आणि हेच म्हणाले. मला शब्द कळले नव्हते, पण 'आता नाही होत' हे त्यांच्या खांद्यावरून कळलं. खुर्ची पुढे केली. मग बरोबरच्या परिचारिकेनं अर्थ सांगितला आणि म्हणाली, उत्तरात "चे ला फा, चे ला फा" म्हणायचं. होतंय की, होतंय. मोठ्या माणसाशी बोलताना 'फाई' नाही, 'फा'. आपल्या तू आणि तुम्हीसारखं, फक्त त्यांचं 'तुम्ही' तृतीयपुरुषी एकवचनातलं.

आता मी दिवसातून दहा वेळा "चे ला फा" म्हणते. मराठीतलं 'होईल हो' जसं पाठीवर हात ठेवल्यासारखं येतं, तसंच.

कौलारू
सांजवात, वाचून डोळ्यांत पाणी आलं. हे वाक्य सासूबाई स्वयंपाकघरात दमल्यावर म्हणतात.

चहाटळ
छान लिहिलंय सांजवात.

सगळ्यांची जेवायची वेळ झालीय, म्हणून खाण्याकडे वळू? मला कुणीतरी सांगा, फारे ला स्कार्पेत्ता म्हणजे काय. एका इटालियन खानावळीच्या फलकावर वाचलं होतं. स्कार्पा म्हणजे बूट ना?

पाणवठा
हो, स्कार्पेत्ता म्हणजे छोटा बूट. पास्ता संपला की ताटात रस्सा उरतो, तो पावाच्या तुकड्यानं पुसून खायचा, त्याला म्हणतात छोटा बूट करणे. घरात सगळे करतात. बाहेर चारचौघांत करावं का, यावर घराघरांत दोन मतं. आपण भाकरीनं ताट पुसून घेतो तेच. माझे सासरे (कोल्हापूरचे) इथं आले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी ताट लख्ख केलं, तर यजमानीणबाई इतक्या खूश की पुन्हा वाढलं.

याला जोडून दुसरा शब्द: फारे बेल्ला फिगूरा, लोकांत शोभून दिसणे, छाप पडणे. उलट फारे ब्रुत्ता फिगूरा, म्हणजे आपली 'शोभा झाली'. इटलीत ही शोभा होऊ नये म्हणून माणसं कचरा टाकायला जातानाही नीट कपडे करतात. मला आवडतं ते.

तोरिनोची_ट्राम
आणि जेवणानंतर फारे क्वात्त्रो पास्सी. चार पावलं करणे. शतपावली!

शब्दखोर
ते चार पावलांत घरी परत, आपली शंभर व्हायची असतात.

गोदाकाठ
फारे इल पोंते, पूल करणे, विसरू नका. २५ एप्रिल हा त्यांचा मुक्तिदिन. तो गुरुवारी आला की शुक्रवारी रजा टाकायची आणि थेट रविवारपर्यंत पूल बांधायचा. आपली जोडून सुट्टी. लगेच १ मे, मग २ जून, प्रजासत्ताक दिन. वसंतात सगळा देश पूल बांधत असतो.

आणि फारे इल तीफो, संघाला पाठिंबा देणे. 'तीफो' म्हणजे मूळचा तापाचा आजार, टायफस. फुटबॉलचा ताप चढलेली माणसं म्हणजे 'तीफोझी'.

नवी_अंकलिपी
उशिरा आले. तीन-चार म्हणी राहिल्या, त्या देते.

की ला फा, लास्पेत्ती. जो करतो त्यानं वाट पाहावी. करावे तसे भरावे!

की फा दा से, फा पेर त्रे. स्वतः करतो तो तिघांचं करतो. आपण म्हणतो तसं, आपला हात जगन्नाथ.

ला गात्ता फ्रेत्तोलोझा फेचे ई गात्तीनी च्येकी. घाईच्या मांजरीला आंधळी पिल्लं झाली. अति घाई संकटात नेई, पण त्यांची मांजर डोळ्यांसमोर उभी राहते म्हणून मला त्यांची म्हण जास्त आवडते. इथं फारेचा अर्थ 'जन्म देणे' आहे, हाही यादीत घ्या.

त्रा इल दीरे ए इल फारे चे दी मेद्झो इल मारे. बोलणं आणि करणं यांच्या मध्ये समुद्र आहे.

एक उच्चाराची गोष्ट. हा 'मेद्झो'मधला झ आणि 'ग्रात्स्ये'मधला त्स मराठी माणसाला फुकट मिळालेत. चहातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा. चमच्यातला तो च हाच ग्रात्स्येतला त्स. आणि 'फाच्चो'मध्ये चहातला. हिंदीभाषक मैत्रिणीला हे दोन च वेगळे करून दाखवताना माझी दुपार गेली होती.

माणदेशी
आतापर्यंत नुसता वाचत होतो. पण पाणवठाताईंचा प्रतिसाद परत परत वाचला आणि आता राहवत नाही, म्हणून लिहितो.

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. आमच्या भागात इटलीला गेलेल्या जवानांची घरं बरीच. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या तेवेरे नदीच्या खोऱ्यात पडले आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेन्यो नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणलं, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघंही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. पणजोबा त्यांच्याबद्दल बोलायचे. स्वतःबद्दल कधी नाही.

पण त्यांचा एक शब्द आमच्या घरात अजून आहे. कुणाच्या हातून काही सांडलं, फुटलं, भाकरी करपली, बैल उधळला, की पणजोबा म्हणायचे, "नोफान्येंते." आजीच्या हातून घागर फुटली तेव्हाही हेच म्हणाले, असं ती सांगते. मग आजोबा म्हणायला लागले, मग वडील. आम्हाला वाटायचं, लष्करातला काहीतरी हुकूम असेल. माझ्या बहिणीच्या हातून लग्नात हळदीची वाटी सांडली तेव्हा मांडवातले आमच्याकडचे सगळे एका आवाजात "नोफान्येंते" म्हणाले आणि वऱ्हाडी बघत राहिले.

काल पाणवठाताईंनी लिहिलं, कुणी सॉरी म्हणालं तर "नोन फा न्येंते", असू दे, काही नाही.

ऐंशी वर्षं झाली. कुठल्या तरी गावात, कुणीतरी, कशासाठी तरी पणजोबांना हे म्हटलं असणार. काय सांडलं असेल त्यांच्या हातून? आत्ता आजीला फोन करून अर्थ सांगितला. ती ९१ वर्षांची आहे. गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजी मामांजी घागरीला रागावलं न्हवतं तर."

पाणवठा
माणदेशी, मी आत्ता बसमध्ये आहे आणि रडतेय. शेजारच्या बाईंनी विचारलं काय झालं. सांगितलं त्यांना.

शब्दखोर
काय बोलावं! 'न्येंते' म्हणजे काहीच नाही, 'नोन फा' म्हणजे करत नाही. त्यानं काही होत नाही, काही बिघडत नाही. तुमच्या घराण्यानं शब्दाबरोबर अर्थही बरोबर जपला, फक्त तो इटालियन आहे हे माहीत नव्हतं.

कौलारू
नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, माझ्या आजीनंही त्या काळात सैनिकांना पाव दिला होता. कुठल्या देशाचे ते तिला माहीत नव्हतं.

माणदेशी
कौलारूताई, तुमच्या यजमानांच्या आजींना आमच्या घरचा नमस्कार.

सांजवात
'मामांजी घागरीला रागावलं न्हवतं'... आज रात्रपाळीला हेच घेऊन जाते.

नवी_अंकलिपी
ओसरी, मूळ प्रश्न बाजूला राहिला बघ. किती अर्थ झाले?

ओसरी
मोजायचं सोडून दिलं. पण वही सांगते.

काल धागा वाचून झाल्यावर आज सकाळी दादाला म्हटलं, आमच्याकडेही मुलं नान्ना 'करतात'. तिला खरं वाटेना. मग मी म्हणून दाखवलं: गाई करणे, शी करणे, शू करणे, हट्ट करणे. ती प्रत्येकाला "सी! सी!", म्हणजे हो! हो!, म्हणत गेली आणि मग विचारलं, गाई म्हणजे काय? म्हटलं, लहान मुलांच्या बोलीत झोप. पण मोठ्यांच्या बोलीत गाई म्हणजे ला मूक्का, म्हशीची बहीण. तर म्हणते, म्हणजे तुमची मुलं झोपायचं म्हणजे गाय करतात?

संध्याकाळी वही उघडली. दादाच्या गोल अक्षरात, रोमन लिपीत, तीन ओळी इटालियन आणि चौथी अशी: ओज्जी आ फात्तो ला गाई, उनोरा ए मेद्झा. आज दीड तास गाई केली.